संस्कार एकट्या आईनेच करायचे, असं कुरआन खरंच म्हणतं का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी पुण्यात नोकरी करणारी, तिशीच्या आतली. मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटी तीन महिन्यांची. ती लिहिते: "बयानात (धार्मिक प्रवचनात) ऐकते, आईची मांडी हा पहिला मदरसा, आईच्या पायाखाली जन्नत. मी मात्र दिवसभर मोठीवर ओरडते आणि रात्री रडते. नमाज धड होत नाही. रजा संपत आलीय, आणि सासूबाई म्हणतात दोन वर्षं अंगावर पाजणं फर्ज (धर्माने बंधनकारक) आहे. 'पुन्हा मुलगीच' हेही ऐकून झालं. कुरआन आईकडून नक्की काय मागतं? आणि मुलींवर संस्कार करायचे तर सुरुवात कुठून करू?"

वयाने मी तुझ्या आईच्या जागी, म्हणून सरळ 'तू' म्हणते. आलिमाचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, अभ्यासक्रम केला, दिवसा शाळेत मराठी शिकवलं आणि संध्याकाळी मक्तबात, म्हणजे लहान मुलांच्या कुरआन-वर्गात, मुलं सांभाळली, यातच उभी हयात गेली. फतवा देणं माझं काम नाही. तलाक, दूधनातं, सुटलेले रोजे असला मसला असेल तर मुफ्तींना विचार. पण कुरआन आईबद्दल काय बोलतं आणि ते लहान मुलांपर्यंत कसं पोचवायचं, यावर मात्र मी बोलू शकते.

आधी त्या दोन वाक्यांचं बघू, कारण तुला खरा त्रास त्यांचाच होतोय. 'आईची मांडी हा पहिला मदरसा' ही आयत, म्हणजे कुरआनातलं वचन, नाही. लोक ती इतक्या वेळा ऐकतात की आयतच वाटायला लागते. या अर्थाची अरबीतली सगळ्यात गाजलेली ओळ इजिप्तचे कवी हाफिज इब्राहिम यांची आहे: आई म्हणजे शाळा, तिला घडवलंत तर एक चांगली पिढी घडवलीत. मुलींना शिकवा, असं ते समाजाला सांगत होते. आपण त्यातलं अर्धं वाक्य उचललं आणि बाळंतिणीच्या उशाशी नेऊन ठेवलं.

'आईच्या पायाखाली जन्नत' याला मात्र हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदीचा, आधार आहे, नसाईंच्या संग्रहात ती सापडते. जाहिमा नावाचे सहाबी (पैगंबरांचे सोबती) मोहिमेवर जायची परवानगी मागायला आले. पैगंबरांनी (स.) विचारलं, आई आहे का? ते म्हणाले, आहे. मग तिच्याजवळच राहा, जन्नत तिच्या पायांखाली आहे. हे कुणाला सांगितलं? मुलाला, तेही मोठ्या, लढाईवर निघालेल्या मुलाला. आईला त्यात कुठलीही परीक्षा द्यायला सांगितलेली नाही. तू ते वाक्य ऐकून रडतेस, आणि ज्यांनी ते ऐकून उठून घरातली कामं करायची ते मान डोलावून जेवायला बसतात.

आता कुरआन उघड आणि एक गोष्ट तपासून बघ. मुलांना बरं-वाईट समजावून सांगण्याचे प्रसंग त्यात कुणाच्या तोंडी आहेत? लुकमान नावाचे शहाणे गृहस्थ आपल्या मुलाला शिकवतात. याकूब (अ.) छोट्या युसूफला सांगतात, हे स्वप्न भावांना सांगू नकोस, पुढे म्हातारपणी बाकीच्या मुलांना सांगतात, अल्लाहच्या रहमतीची आशा सोडू नका (१२:८७, म्हणजे बारावी सूरा किंवा अध्याय, आयत ८७). इब्राहिम (अ.) मुलांना वसीयत (ताकीद) करतात (२:१३२). नूह (अ.) डोंगरासारख्या लाटांमधून मुलाला हाका मारतात (११:४२). सगळे बाप आहेत. आई मुलांना समोर बसवून उपदेश करते आहे, असा प्रसंग कुरआनात नाही. माझ्यासमोर बसणाऱ्या आयांना मी हे सांगते तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसत नाही, मग एकेक जण पानं उलटून बघते.

आईवर जबाबदारी नाही, असं मी म्हणत नाही. 'तुमच्यातला प्रत्येकजण राखणदार आहे' या बुखारींच्या हदीसमध्ये बाईचं नाव आहे, तसंच पुरुषाचंही आहे. 'स्वतःला आणि आपल्या घरच्यांना आगीपासून वाचवा' (६६:६) ही हाक सगळ्या श्रद्धावंतांना आहे. पण 'संस्कार बाईचं खातं, पैसा पुरुषाचं' ही वाटणी आपल्या घरांनी केलेली आहे, कुरआनाने नाही.

मग आया कुठे दिसतात? लुकमानच्या सूरेतच बघ. लुकमान बोलायला लागतात: अल्लाहसोबत कुणाला भागीदार करू नकोस, तो मोठा जुलूम आहे (३१:१३). पुढचं वाक्य लुकमानचंच असेल असं वाटतं, आणि इथे बापाचा उपदेश थांबतो. मध्येच अल्लाह स्वतः बोलू लागतो: आम्ही माणसाला त्याच्या आईवडिलांबाबत ताकीद दिली, आईने त्याला अशक्तपणावर अशक्तपणा सोसत पोटात वागवलं, दोन वर्षांत त्याचं दूध सुटलं, माझे आभार मान आणि आपल्या आईवडिलांचे (३१:१४). अजून एक आयत, आणि मग लुकमान पुन्हा बोलू लागतात. संस्काराचा धडा चालू असताना तो थांबवून आईचे कष्ट मध्ये आणले आहेत. सूरा अहकाफमध्ये (४६:१५) हेच अधिक थेट आहे: कष्टाने पोटात वागवलं, कष्टाने जन्म दिला, गरोदरपण आणि दूध सुटणं मिळून तीस महिने.

या तीस महिन्यांवरून एक जुनी हकीकत आहे, मला फार आवडते म्हणून सांगते. लग्नानंतर सहाच महिन्यांत बाळंत झालेल्या एका बाईवर व्यभिचाराचा आरोप आला आणि तिला शिक्षा होणार होती. हजरत अली (रजि.) यांनी दोन आयती शेजारी ठेवल्या: दूध पाजणं दोन वर्षं, म्हणजे चोवीस महिने, दोन्ही मिळून तीस. तीसमधून चोवीस गेले, उरले सहा. सहा महिन्यांत मूल जन्मू शकतं. बाई सुटली. काही रिवायतींमध्ये (परंपरेने आलेल्या कथनांमध्ये) हे इब्न अब्बास (रजि.) यांच्या नावावर आहे. नाव कुणाचंही असो, बाळंतपणाचा हिशेब नीट वाचला म्हणून एका बाईचा जीव वाचला.

आता तुझ्या दुधाच्या प्रश्नाकडे. सासूबाई सूरा बकराची आयत २३३ सांगत असणार. ती पूर्ण वाच. आयांनी पूर्ण दोन वर्षं पाजावं, आणि लगेच पुढे: 'ज्याला ही मुदत पूर्ण करायची असेल त्याच्यासाठी'. मग बापाची जबाबदारी येते: तिचं अन्न, तिचे कपडे, रीतीप्रमाणे. मग: कुणावरही ताकदीबाहेर ओझं टाकलं जात नाही. मग: मुलावरून आईला त्रास दिला जाऊ नये, बापालाही नाही. मग: दोघांनी एकमेकांच्या मर्जीने आणि सल्ल्याने आधीच दूध सोडवायचं ठरवलं तर काही गुन्हा नाही. आणि शेवटी: दाई ठेवायची असेल तरी गुन्हा नाही, ठरलेलं मोल द्या म्हणजे झालं. इतक्या तपशिलात उतरणारी ही एक आयत, आणि घरोघरी त्यातले पहिले चारच शब्द पोचले आहेत. खुद्द पैगंबरांना (स.) हलीमा सादिया यांनी दूध पाजलं, हे तर शाळेतली पोरंही सांगतात.

तेव्हा दूध सोडवणं किंवा वरचं दूध सुरू करणं हा निर्णय तुझा आणि नवऱ्याचा, दोघांनी बसून घ्यायचा. सासूबाईंचा मान राखून त्यांना हीच आयत वाचून दाखव, वाद घालू नकोस. दूध काढून ठेवून मुलीला पाजता येतं. आणि व्यवहाराचंही बोलते: तुझी नोकरी मातृत्व लाभाच्या कायद्यात बसत असेल तर २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे. पन्नास किंवा जास्त माणसं काम करत असतील तर पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभाही आहे. आधी रजेचा हिशेब नीट मांडून घे. कित्येक मुली अर्जच करत नाहीत.

तुझ्या रडण्याबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण पत्रातला बाकीचा भाग तू सहज लिहिलास आणि हा एका ओळीत उरकलास.

सूरा मरियम काढ, आयत २३. मरियम (अ.) म्हणजे कुरआनात नाव घेऊन उल्लेख झालेली एकमेव स्त्री, सगळ्या जगातल्या स्त्रियांमधून निवडलेली. तिला कळा सुरू होतात आणि ती खजुराच्या बुंध्याशी येते. सोबत कुणी नाही, ना आई ना सुईण. आणि ती म्हणते, "हाय, मी याआधीच मेले असते, कुणाच्या आठवणीतही उरले नसते तर बरं झालं असतं." कुरआनाने हे वाक्य लपवलं नाही, सौम्यही केलं नाही. उत्तरात काय येतं ते बघ. खालून आवाज येतो: दुःख करू नकोस, तुझ्या रबने (पालनकर्त्याने) तुझ्या खाली झरा वाहता केलाय. खजुराचा बुंधा आपल्याकडे हलव, ताजे पिकलेले खजूर पडतील. खा, पी, डोळे थंड कर. आणि कुणी माणूस दिसला तर खुणेनं सांग, मी रहमानसाठी (अल्लाहसाठी) रोजा धरलाय, आज कुणाशी बोलणार नाही (१९:२४ ते २६).

तिला कुणी सब्रवर (धीर धरण्यावर) प्रवचन दिलं नाही. 'नाशुक्री (कृतघ्नपणा) करू नकोस' म्हटलं नाही. पाणी दिलं, खाणं दिलं, आणि लोकांच्या प्रश्नांपासून सुट्टी दिली. ज्याच्या घरात बाळंतीण आहे त्याने ही तीन आयतींची यादी फ्रिजवर लावावी: पाणी, खाणं, आणि भेटायला येणाऱ्यांना थोडं थांबवणं.

मूसा (अ.) यांच्या आईचंही तसंच. फिरऔनचे, म्हणजे इजिप्तच्या राजाचे, लोक मुलगे मारत होते. तिच्या मनात घातलं गेलं: याला दूध पाज, आणि भीती वाटली तर नदीत सोड (२८:७). तिने सोडलं. त्यानंतरची आयत दहा मला वाचताना दर वेळी थांबायला लावते: मूसाच्या आईचं हृदय रितं झालं. आम्ही तिचं मन बांधून ठेवलं नसतं तर ती सगळं उघड करून बसली असती. म्हणजे अल्लाहचं वचन हातात असलेली, अल्लाहकडून संदेश मिळालेली आई, आणि तरी आतून रिकामी. ईमान (श्रद्धा) कमी होतं म्हणून ती रिती झाली, असं कुठल्याही भाष्यकाराने म्हटलेलं मी वाचलं नाही. पुढे तिने काय केलं? मुलीला सांगितलं, त्याच्या मागावर जा. एकटीने कुढत बसली नाही, घरातलं माणूस कामाला लावलं. शेवटी बाळ तिच्याकडेच आलं, 'तिचे डोळे थंड व्हावेत म्हणून' (२८:१३). तिचे डोळे, हे लक्षात घे. आईचं समाधान हे आयतीत स्वतंत्र कारण म्हणून नोंदलं आहे.

तेव्हा रात्री रडू येणं हा ईमानचा दोष समजू नकोस. पण हेही सांगते, की बाळ तीन महिन्यांचं झालं आणि रडणं थांबत नाही, झोप लागत नाही, बाळाकडे बघूनही काही वाटत नाही, नकोसं वाटतं, यातलं काही असेल तर डॉक्टरकडे जा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नुकत्याच बाळंत झालेल्या शंभर जणींपैकी साधारण तेरा जणींना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. औषधाने, समुपदेशनाने तो बरा होतो, आणि पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधंही डॉक्टर देतात. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीतूनही बोलता येतं. मनात स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार येत असतील तर हे उत्तर इथेच सोड आणि आत्ता कुणालातरी उठव. दम, म्हणजे दुआ पढून फुंकर, करून घ्यायचा असेल तर घे, मी नाही म्हणणार नाही. पण डॉक्टरकडे जायच्या ऐवजी नको.

नमाजचंही इथेच सांगून टाकते. पैगंबर (स.) इमामत करत, म्हणजे सगळ्यांच्या पुढे उभं राहून नमाज पढवत, असताना मागे मूल रडलं की नमाज आखूड करायचे, आईचा जीव वर-खाली होतो म्हणून. नातीला, उमामाला, अंगावर घेऊन त्यांनी नमाज पढली. सजद्यात जाताना खाली ठेवायचे, उठताना पुन्हा घ्यायचे. तू तीन आयतींची सूरा पढून उठलीस तरी नमाज झाली.

'पुन्हा मुलगीच' यावर फार शब्द खर्च करत नाही. इमरानच्या बायकोने पोटातलं मूल अल्लाहच्या सेवेला वाहायचा नवस केला होता, आणि मुलगी झाली. ती म्हणाली, "माझ्या रब, मला तर मुलगी झाली." आणि आयतीत कंस टाकल्यासारखं येतं: तिने काय जन्माला घातलं ते अल्लाहला चांगलं ठाऊक होतं (३:३६). ती मुलगी म्हणजे वर सांगितलेली मरियम. आणि मुलगी झाल्याची बातमी ऐकून तोंड काळंठिक्कर पडणाऱ्यांचं वर्णन १६:५८ मध्ये आहे, ते बोलणाऱ्यांना मिठाईच्या डब्यासोबत पाठवता आलं असतं तर मी पाठवलं असतं.

आता मोठीकडे. चार वर्षांच्या मुलीला संस्कार म्हणजे नक्की काय द्यायचं?

लुकमानच्या बोलण्याला एक क्रम आहे आणि मी वर्गात तोच धरते. एक अल्लाह, मग कुणी बघत नसताना केलेल्या बारीक गोष्टीही मोजल्या जातात ही जाणीव, मग नमाज, चांगल्याला साथ, वाईटाला अटकाव, आलेल्या संकटावर सब्र, आणि शेवटी चक्क चालणं-बोलणं: लोकांपासून गाल फिरवू नकोस, ताठ्याने चालू नकोस, आवाज खाली ठेव, सगळ्यात कर्कश आवाज गाढवाचा (३१:१६ ते १९). अल्लाहच्या एकत्वापासून सुरू झालेलं बोलणं गाढवाच्या ओरडण्यावर येऊन थांबतं. मुलांना हा शेवट भयंकर आवडतो, गाढवाची नक्कल करून झाल्याशिवाय वर्ग पुढे सरकत नाही. आणि या सगळ्या उपदेशात लुकमानने एकदाही जहन्नुमचं नाव काढलेलं नाही. तेव्हा 'अल्लाह मियाँ आगीत टाकतील' हे चार वर्षांच्या पोरीला सांगायची काही गरज नाही. ती अल्लाहला घाबरेल, आणि मग खोटं लपवायला शिकेल.

मोहरीच्या दाण्याची आयत (३१:१६) आली की मी घरच्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी पुडीत बांधून नेते. प्रत्येकाच्या तळहातावर एक दाणा. सांभाळायचा, एवढंच सांगते. दोन मिनिटांत निम्म्यांचे दाणे गायब. कुणाचा सतरंजीच्या विणीत, कुणाचा फ्रॉकच्या झालरीत, एकाने तर खाल्लेला असतो. सगळे ओणवे होऊन शोधतात. मग आयत वाचते: मोहरीच्या दाण्याएवढी गोष्ट असेल, खडकात, आकाशात किंवा जमिनीत कुठेही असेल, अल्लाह ती हजर करेल. एकदा एका पोराने हळूच विचारलं, "आपा, भावाला चिमटा काढलेला पण?" म्हटलं, तो पण. आणि नानीला पाणी आणून दिलंस ते पण. दुसरं वाक्य विसरू नकोस, घरी आपण बहुतेक पहिलंच सांगतो.

आवाजाची आयत तुला टोचणार, मला ठाऊक आहे. उपाय साधा आहे आणि त्याला वाघिणीचा धीर लागत नाही: दुसऱ्या खोलीतून हुकूम सोडायचा नाही. उठून जवळ जायचं, मग बोलायचं. धाकटी अंगावर असल्यामुळे उठता येत नसेल तर ते सांगणं पाच मिनिटं राहू दे. सांडलेलं दूध पाच मिनिटांनी पुसलं तरी चालतं. तरीही ओरडलीस, तर नंतर मोठीला जवळ घेऊन सांग, अम्मी चिडली होती, आवाज मोठा झाला. सूरा अबसामध्ये काय आहे? शिकायला आलेल्या अंध सहाबींकडे पैगंबरांनी (स.) कपाळाला आठी घालून पाठ फिरवली, कारण ते कुरैशच्या बड्या सरदारांशी बोलत होते, आणि अल्लाहने त्यावर टोकलं. ती टोकणी कुरआनात कायमची राहिली आणि आपली मुलं अम्मा पाऱ्यात, म्हणजे कुरआनाच्या शेवटच्या भागात, ती पाठ करतात. ते अंध सहाबी आईच्या नावाने ओळखले जातात, इब्न उम्मे मक्तूम. मोठ्यांनाही टोकलं जातं, हे मुलीने लवकर शिकलेलं बरं.

अम्मा पाऱ्याचं निघालंच म्हणून: आपली मुलं छोट्या सूरा धाडधाड म्हणून दाखवतात आणि अर्थ विचारला की छताकडे बघतात. सूरा माऊन घे. अनाथाला धक्के देणारा, गरिबाला खाऊ घालायला कुणाला न सांगणारा, दिखाव्याची नमाज पढणारा आणि रोजच्या वापरातल्या साध्या वस्तूही नाकारणारा, हे सगळे एका रांगेत बसवले आहेत. जुन्या भाष्यकारांनी त्या वस्तूंमध्ये भांडं, बादली, कुऱ्हाड अशी नावं दिली आहेत. मी हे सांगत होते आणि पहिल्या रांगेतल्या मुलीने शेजारणीकडे बघत विचारलं, "खोडरबर पण?" त्या दिवशी वर्गात बराच वेळ खोडरबरं इकडून तिकडे फिरत होती. चार वर्षांच्या मुलीला तू एवढंच शिकव: शेजारच्या काकूंनी वाटीभर साखर मागितली की वाटी तिच्या हातात दे आणि तिलाच नेऊ दे. काकू कुठल्या धर्माच्या हा प्रश्न सूरेत नाही.

अजून एक आयत मला आयांपर्यंत पोचवावीशी वाटते, ती २४:५८. लहान मुलांनीही दिवसातून तीन वेळा विचारून आत यावं: फजरच्या (पहाटेच्या नमाजच्या) आधी, दुपारी कपडे उतरवून आराम करताना, आणि इशाच्या (रात्रीच्या नमाजच्या) नंतर. घरं लहान असली तरी हे जमतं. चाळीतल्या एका खोलीत दाराऐवजी पडदा असेल तर पडद्याबाहेरून "येऊ का?" विचारायचं. आणि हे दोन्ही बाजूंनी पाळायचं. मोठी न्हाणीत असेल, कपडे बदलत असेल, तर तूही विचार. आपल्या शरीरावर आपला हक्क आहे आणि कुणी न विचारता जवळ आलं तर 'नाही' म्हणता येतं, हे ती 'गुड टच, बॅड टच'चा तक्ता शाळेत लागायच्या आधी घरी शिकेल.

खोट्या वचनांचं बघ. "जेव, मग मोबाईल देते" म्हणून न देणं. अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे. एका लहान मुलाला आईने हाक मारली, ये, काहीतरी देते. पैगंबर (स.) तिथेच बसले होते. त्यांनी विचारलं, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. ते म्हणाले, दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. मोबाईल द्यायचाच नसेल तर बोलू नको, बोललीस तर दे आणि ठरल्या वेळी परत घे.

मारण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण 'ओरडते' लिहिणाऱ्या आया बहुधा तेवढ्यावर थांबलेल्या नसतात. मुलाला मारा, असं सांगणारी आयत कुरआनात नाही. सात वर्षांना नमाज शिकवा आणि दहाला न पढल्यास मारा, ही हदीस लोक पुढे करतात. त्यावर फकीहांनी (धर्मशास्त्राच्या जाणकारांनी) घातलेल्या अटी, चेहऱ्यावर नाही, इजा होईल असं नाही, रागात नाही, त्या मात्र कुणाला पाठ नसतात. चार वर्षांच्या मुलीला ती हदीस तशीही लागू होत नाही. अनस (रजि.) यांनी दहा वर्षं पैगंबरांच्या (स.) घरी काम केलं, लहान होते, चुका करत असणारच. ते सांगतात, मला कधी 'उफ्' म्हणाले नाहीत. माझ्या वर्गात छडी नाही. जी मौलवीसाहेबांची होती ती फळ्यावरची अक्षरं दाखवायला वापरते.

आणि एवढं सगळं करूनही मूल भलतीकडे गेलं तर? नूह (अ.) यांचा मुलगा नावेत चढला नाही. बाप पैगंबर, हाका मारतोय, आणि मुलगा म्हणतो मी डोंगरावर चढून वाचेन. कुरआनाने त्यासाठी नूहना नापास केलेलं नाही, त्यांच्या बायकोला दोष आहे तो तिच्या स्वतःच्या वागण्याचा. मुलं ही आजमाइश (परीक्षा) आहेत (६४:१५) आणि त्याच्या आधीच्या आयतीत घरच्यांना माफ करा, दरगुजर करा, असंही आहे. तुझ्या दोघी अजून इतक्या लहान आहेत की या भीतीला आत्ता घरात जागा देऊ नकोस.

राहिला कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक, सुरू करायचा मुद्दा. चार वर्षं चार महिने चार दिवस झाले की बिस्मिल्लाहची रस्म करायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि त्यासाठी तुझ्यावर घरातून रेटा येत असणारच. ती पद्धत आहे, फर्ज नाही. करायची तर आनंदाने कर, खीर वाटा, पण त्या दिवसापासून रोज तासभर बसवायचं असं नको. दहा मिनिटं पुरेत, अलिफ-बेचं एकच पान आठवडाभर चालू दे. आणि ती दहा मिनिटं तिच्या अब्बूंनी बसायचं, तू त्या वेळात पडून राहा. त्याला स्वतःलाच अरबी वाचायला अडखळत असेल तर तोही तिच्यासोबत पहिल्या पानापासून सुरू करू शकतो. मक्तबात असे बरेच बाप येऊन बसतात, आणि अब्बू 'ऐन' हे अरबी अक्षर चुकीचं म्हणतात तेव्हा मुलींना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.